मिनिटाला अठरा श्वास

आमच्या वॉर्डात एके काळी सगळी माणसं मिनिटाला अठराच श्वास घेत. म्हातारे, तरणे, दम्याचे, हाड मोडलेले, बाळंतिणी, विंचू चावलेले, झाडून सगळे अठरा. क्वचित एखाद्या मुलीला उदारपणा सुचला तर वीस. मी सिस्टर ट्यूटर होते, म्हणजे नर्सिंगच्या मुलींची मास्तरीण, आणि वॉर्डातली टीपीआरची वही तपासणं माझ्याकडे असे. ताप, नाडी आणि श्वास या तिघांना मिळून आम्ही टीपीआर म्हणतो. वहीत ओळीनं अठरा-अठरा बघितले की वाटायचं, हा दवाखाना नाही, पोलिसांची कवायत चालली आहे.

बाहेरच्या माणसाला यातली अडचण सांगायला हवी. नाडी मोजणं सोपं असतं, मनगट धरलं की ती स्वतःच ठोके देते. श्वास मात्र रोग्याला न कळता मोजावा लागतो. ‘आता तुमचा श्वास मोजते हं’ म्हटलं की माणूस फोटो काढायला बसल्यासारखा छाती फुगवतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच बघतोय असं सोंग करायचं, आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं चालत नाही. आता वॉर्डात चाळीस रोगी, मोजणारी मुलगी एक, आणि मागं स्टाफ नर्स ‘आवर गं बाई’ करत उभी. मुलगी कशीबशी नाडी बघते, श्वासाच्या रकान्यात अठरा टाकते आणि पुढच्या पलंगाकडे सरकते. मी विद्यार्थिनी असताना मीही तेच केलंय. खोटं कशाला बोलू?

एकदा नऊ नंबरच्या पलंगावर हर्नियाचा एक पैलवान होता. कुस्तीत कुणाला न भिणारा तो गडी ऑपरेशनचं नाव ऐकून सकाळीच पळाला. घरचे लोक त्याला उस्मानपुऱ्यात मेहुण्याकडे शोधत होते. दुपारी वही बघते तर नऊ नंबरचा ताप नॉर्मल, नाडी बहात्तर, श्वास अठरा. मी त्या मुलीला विचारलं, “पैलवान कसे आहेत?”

“चांगले आहेत बाई. झोपलेत.”

पलंगावर पांघरुणाखाली उशी होती. तिचा श्वास अठरा.

त्या सुमारास मी नोकरी सांभाळून पदवी करत होते आणि प्रबंधाला विषय शोधत होते. पैलवानानं तो पळता पळता दिला. ‘वॉर्डातल्या कामातून विद्यार्थिनींचं शिक्षण’ हे त्याचं सभ्य नाव. खरं नाव ‘कोण किती थापा मारतं’. पडद्याआड स्टॉपवॉच घेऊन बसायचं, स्वतः श्वास मोजायचा आणि मग मुलीनं काय लिहिलं ते बघायचं, असा माझा उद्योग. संशोधन कसलं, हेरगिरीच होती, आणि मला ती मनापासून आवडत होती.

या सगळ्यात एका मुलीचे आकडे दर वेळी माझ्या आकड्यांशी जुळत. प्रमिला साळवे तिचं नाव. आमच्यात मुलींना आडनावानं हाक मारायची पद्धत, म्हणून साळवे. काटकुळी, कमी बोलणारी. भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात लागला तेव्हा त्यानं तिला सेकंदकाट्याचं मर्दानी घड्याळ घेऊन दिलं होतं. ते मनगटावर सैल होई, म्हणून आधी रुमाल गुंडाळून त्यावर ती घड्याळ बांधायची. पूर्ण मिनिट मोजत असल्यानं तिचं काम सगळ्यांत शेवटी संपायचं आणि स्टाफ नर्सेसच्या तक्रारी तिच्याबद्दलच यायच्या. आणि मी काय समजले असेन? साळवेला माझं पडद्याआडचं स्टॉपवॉच दिसलंय, म्हणून ती नीट मोजते.

त्या काळात आमचं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, दोन बाजूंनी तापलेलं होतं. एकीकडे चिकलठाणा आणि वाळूजला कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते. कालपर्यंत शेतात पाभर हाणणारी पोरं सायकलवर डबा लावून शिफ्टला जात होती. दुसरीकडे विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटीच्या काचा. साळवे नामांतराची वाट बघणाऱ्या घरातली, मी नको म्हणणाऱ्या घरातली. गावाकडे आमच्या ओट्यावर त्या दिवसांत जे बोललं जाई, ते आज आठवलं तरी लाज वाटते. होस्टेलच्या जेवणघरात मुलींची टेबलं कुणी न सांगता वेगळी झाली होती. मी ते रोज बघत होते आणि मेन्यूबद्दल बोलत होते.

तर प्रबंध. आमचे गाईड सर तोंडात पान असल्यामुळं मोजकं बोलत. ते म्हणाले, “वॉर्डात घाई असते म्हणून पोरी खोटं लिहितात, असं म्हणता ना? मग घाई नसेल तिथं न्या. बघा काय लिहितात.” वर त्यांनी आपलीही एक शंका त्यात घुसडली. कारखान्याच्या वस्तीतली पोरं आता भाकरी सोडून पाव आणि खारी खातात, त्यांचं वजन, त्यांच्या शरीरातली साखर खेड्यातल्या पोरांपेक्षा निराळी असेल काय? तेव्हा आठवीचे दोन वर्ग घ्यायचे ठरले. एक वाळूजच्या कामगार वस्तीतला, एक लासूर स्टेशनचा. उंची, वजन, नाडी, श्वास आणि लघवीतली साखर. मोजणार माझ्या मुली.

वाळूज सुरळीत पार पडलं. लासूरच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे उत्साहाचं धरणच. मी लघवीचे नमुने म्हणताच ते उभे राहिले. “बाटल्यांची जिम्मेदारी माझी! पोरं घरून आणतील तर एकाची दवाईची, एकाची तेलाची. मी सगळ्यांना एकसारख्या देतो. तुमच्या संशोधनात लई फरक पडतो ना बाई एकसारखेपणानं?” मी मनात म्हटलं, असे चार मुख्याध्यापक मिळाले तर मी डॉक्टरेट करीन.

ठरलेल्या सोमवारी आम्ही पोचलो तर टेबलावर बाटल्या रांगेत, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात नाव. मुली कामाला लागल्या. ही तपासणी आता इतिहासजमा झालीय, म्हणून सांगते. टेस्ट ट्यूबमध्ये एक निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर असेल तर हिरवं, पिवळं, शेंदरी असं चढत जातं आणि फारच असेल तर विटेसारखं लाल.

पहिली ट्यूब शेंदरी झाली. दुसरी पिवळी. तिसरी विटकरी. दहावी ट्यूब मी स्वतः दिव्यावर धरली, तीही लाल. मुख्याध्यापक माझ्या खांद्यावरून बघत होते. “बाई... आख्खी आठवी? माझा पुतण्या हाय त्यात!” तोवर शिपायानं बाहेर जाऊन सांगितलंही असावं, कारण तासाभरात धान्याच्या मोंढ्यातून दोन अडते विचारायला आले की शाळेच्या हापशाला साखर लागलीय हे खरं का.

मी खुर्चीवर बसले आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यामुळं नाकाला काम मिळालं. वर्गात गुलाबाचा वास येत होता. नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात लघवी उकळल्यावर गुलाबाचा वास येतो असं लिहिलेलं नाही.

“सर, या बाटल्या कुठून आणल्या?”

“स्टेशनसमोरच्या सरबतवाल्याकडून. तो माझा ईद्यार्थी हाय.”

“धुतल्या होत्या ना?”

“व्हय तर! एका बादलीत सगळ्या बुचकळून घेतल्या.”

आम्ही सगळ्या इतक्या हसलो की एका मुलीची टोपी पडली. आख्ख्या आठवीला मधुमेह नव्हता, आख्ख्या आठवीनं सरबताच्या बाटल्यांत लघवी केली होती. मी वर्गासमोर उभी राहून जाहीर केलं, कुणालाही काहीही झालेलं नाही, सगळे ठणठणीत आहात, साखरेची तपासणी पुन्हा केव्हा तरी करू. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य मी किती सहज बोलले होते. सगळे ठणठणीत.

परतीच्या गाडीत मी फॉर्म लावत बसले. साळवे समोरच्या बाकावर होती. तिच्या हातचा एक फॉर्म आला. हौसा, वय चौदा, बाप मेंढरं राखणारा, वस्ती गावाबाहेर. नाडी जलद. श्वास अठ्ठावीस.

“साळवे, हे काय?”

“अठ्ठावीस भरला बाई.”

“पळत आली असेल.”

“नाय बाई. रांगेत बसून होती. म्या दोनदा मोजला.”

“मग घड्याळ बघ तुझं. मागं पडत असेल.”

“घड्याळ बराबर हाय बाई.” तिनं रुमालावरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं.

मी ते बघितलं नाही. फॉर्मच्या तळाला शेऱ्याचा रकाना होता, तो कोराच ठेवायचा असं मी बजावलं होतं. साळवेनं त्यात लिहिलं होतं, ‘रांगेत तीनदा पाणी पिली. झंपराला पिना लावलेल्या, सैल होतो म्हणाली.’ मला आणखी राग आला. एवढ्या तपशिलाचं मी काय करणार? गाईड सर म्हणतच असत की एखादा वेडावाकडा आकडा सगळी सरासरी बिघडवतो. मी लाल पेन काढलं, अठ्ठावीस खोडला आणि शेजारी लिहिलं, अठरा.

साळवेनं हात मागं घेतला आणि घड्याळाखालचा रुमाल नीट केला.

ज्या बाईनं खोट्या अठराच्या पाठी लागून प्रबंध लिहायला घेतला, तिनंच स्वतःच्या हातानं खरा आकडा खोडून अठरा केला. बरं, मी दिवसभर दमले होते, हे खरं. सरबताच्या फजितीनं डोकं ठिकाणावर नव्हतं, हेही खरं. पण साळवेच्या जागी दुसरी एखादी असती, आमच्या टेबलावर जेवणाऱ्यांपैकी, तर मी ते घड्याळ निदान हातात घेऊन बघितलं असतं. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हापासून विसरता आलेलं नाही.

गुरुवारी शहर बंद होतं. वॉर्डाची ड्युटी सोडून सगळ्या मुली होस्टेलात अडकलेल्या, म्हणून मी जादा तास घेतला. नेमका धडा मधुमेहाचा. मी आपली सवयीनं फळ्यावर लिहीत चालले होते. अतिशय तहान. वारंवार लघवी. वजन उतरणं. लहान वयात झाला तर झपाट्यानं वाढतो, आणि इन्शुलिन मिळालं नाही तर श्वास खोल आणि जलद होतो, मग रोगी गुंगीत जातो. मागून बाक सरकल्याचा आवाज आला. साळवे उभी होती.

“बाई, ही हौसा हाय.”

“कोण हौसा?”

“लासूरची. अठ्ठावीसवाली.”

खडू माझ्या हातात तसाच राहिला. फळ्यावर माझ्याच अक्षरात जी लक्षणं होती, त्यांतली तीन मी तिच्या फॉर्मवर वाचली होती. पाणी, सैल झंपर, श्वास. सोमवारपासून तीन दिवस गेले होते.

साळवेनं गेट पास मागितला. ती एकटीच जाणार होती. मॅट्रनबाई म्हणाल्या, “डोकं ठिकाणावर आहे का? एसटी बंद, रस्त्यावर टोळकी, आणि तू... तुला काही झालं तर?” त्यांचं खोटं नव्हतं. त्या दिवसांत साळवेसारख्या मुलीनं खेड्याच्या वाटेनं एकटीनं जाणं ही साधी गोष्ट नव्हती. साळवे एवढंच म्हणाली, “बाई, मोजलं ते लिवायचं, असं तुमीच शिकिवलं. लिवल्यावर जायला नगं का?”

मी टेस्ट ट्यूब, निळं द्रावण आणि स्पिरिटचा दिवा पिशवीत घातला आणि म्हटलं, मी जाते हिच्याबरोबर. धाडस वगैरे काही नव्हतं, मला नुसतं बसवत नव्हतं.

रेल्वे चालू होती. त्या छोट्या रुळांवरच्या गाडीनं त्या दिवशी जितका वेळ लावला तितका आयुष्यात कुठल्या गाडीनं लावला नसेल. लासूरच्या फलाटाबाहेर चार-पाच पोरं उभी होती, हातात काठ्या. आमचे पांढरे कपडे बघून एक जण पुढं आला. “कोण तुमी? आडनाव काय?”

मी माझं आडनाव सांगितलं. माझ्या आडनावाला त्या भागात अडवणारं कुणी नव्हतं. “आन ही?”

“ही माझी मावसबहीण,” मी ठोकून दिलं. त्यांनी वाट दिली. वर एकानं ‘ताई, उन्हाचं कशापाई निघालात’ म्हणून चौकशीही केली.

थोडं पुढं गेल्यावर साळवे म्हणाली, “बाई, माझं नाव कशापाई झाकलं?”

“अगं, काठ्या बघितल्यास ना?”

“बघितल्या. पर नावासाठीच तर चाललंय सगळं. तुमीच माझं नाव खाल्लं तर त्याइले काय बोलायचं?”

मी तिच्याहून वीस वर्षांनी मोठी, पण चालताना अर्धं पाऊल मागं पडले.

हौसाची वस्ती म्हणजे बाभळीच्या काट्याचं कुंपण, आत मेंढरं आणि एका कडेला छप्पर. हौसा घोंगडीवर पडलेली होती. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे, पोट आत गेलेलं, आणि छाती भात्यासारखी हलत होती. छपराच्या मागं, ती लघवीला बसे तिथं, मुंग्यांची रांग लागली होती. तिची आई म्हणाली, “आज चार रोज झालं, नुसतं पाणी पाणी करतीया. बाहेरचं काय तरी लागलं बघा. भगताला बलावलंय, पर बंदामुळं आला नाय.” त्या बंदाचे माझ्यावर झालेले उपकार एवढेच, की भगत आला नाही.

साळवे खाली बसली. तिनं हौसाचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. पूर्ण एक मिनिट. त्या मिनिटात मीही माझ्या घड्याळावर मोजत होते. हौसाच्या तोंडाला पिकून गेलेल्या पेरूसारखा गोडसर वास होता. वॉर्डात एकदा तो वास घेतलेला माणूस तो विसरत नाही.

“छत्तीस,” साळवे म्हणाली.

“छत्तीस,” मी म्हटलं.

तांब्या घासून, धुऊन, उकळत्या पाण्यानं विसळून त्यात हौसाची लघवी घेतली. दिव्यावर ट्यूब धरली. निळं द्रावण हिरवं, पिवळं काही न होता एकदम विटेसारखं लाल झालं. या वेळी गुलाबाचा वास नव्हता.

आता हिला न्यायची कशी? गाडी संध्याकाळशिवाय नव्हती आणि हौसाकडे तेवढा वेळ नव्हता. हौसाचा बाप, अंगानं उंच आणि बोलण्याला कंजूस माणूस, तिला खांद्यावर घेऊन सडकेला निघाला. सडकेवर दुधाची गाडी उभी होती. बंद कुणाचाही असो, दूध शहरात जातंच. ड्रायव्हरनं हौसाकडे एकदा बघितलं आणि मागचे कॅन सरकवले. “बैठो बाजी, जल्दी. दूध की गाडी कू कोई नै रोकता.”

पडेगावजवळ मात्र रस्त्यावर दगड लावलेले होते आणि पलीकडे घोळका. ते कुठल्या बाजूचे होते मला आजही माहीत नाही. ड्रायव्हर खाली उतरला, पण त्याच्या आधी साळवे उतरली. टोपी वाकडी, पदरावर दुधाचे डाग. मोठ्यानं म्हणाली, “मी सिस्टर साळवे. आत पोरगी मरायला लागली. दगडं काढा.” नाव सांगितलं आणि थांबली, जणू कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणून घ्या. दोघातिघांनी वाकून दगड बाजूला केले. एक म्हातारा तर ड्रायव्हरवरच ओरडला, “आरं हाक की लवकर, बघतो काय?”

दवाखान्यात सलाइन लागलं, इन्शुलिन लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हौसानं डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, “माझी पाटी दगडू कोकराजवळ ऱ्हायली.” डॉक्टर म्हणाले, अर्धा दिवस उशीर झाला असता तर आम्ही नुसतं सर्टिफिकेट लिहिलं असतं. मी व्हरांड्यात जाऊन रडले. साळवे तेव्हा ड्युटीवर होती, तिला रडायला वेळ नव्हता.

पुढचा प्रश्न इंजेक्शनचा. रोज, आयुष्यभर, घरी. तेव्हा काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागे, आणि आमच्या पहिल्या वर्षाच्या मुली संत्र्यावर सराव करतानाही घाम पुसत. हौसाच्या बापाला शिकवायला मी चार मुलींना घेऊन बसले. मुली समजावू लागल्या, अशी धरा, असा कोन ठेवा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, सिरिंज उचलली आणि बोलता बोलता सुई टोचून बाहेरही काढली. हौसा ‘आई’सुद्धा म्हणाली नाही.

“दीडशे मेंढरांना सुई देतो बाई,” तो म्हणाला, “ती तर हालत्यात. ही तर बसून हाय. मला नाय जमणार व्हय?”

मग त्यानंच आमच्या मुलींना सुई कशी धरायची ते दाखवलं. विद्यार्थिनींच्या शिक्षणावरच्या माझ्या प्रबंधात ‘मार्गदर्शक’ म्हणून त्याचं नाव घालायचं माझ्या मनात होतं. गाईड सरांनी पान थुंकून ‘नको’ म्हटलं. इन्शुलिन थंड ठेवायला वस्तीवर फ्रीज कुठला? साळवेनं ओल्या वाळूत पुरलेला माठ बसवून दिला. आणि सुईची व जेवणाची वेळ चुकू नये म्हणून मनगटावरचं घड्याळ सोडून हौसाच्या हातात बांधलं, खाली रुमालासकट. भावाला काय सांगशील म्हणून मी विचारलं. म्हणाली, “सांगन की, तुझं घड्याळ कामाला लावलं.”

हौसाचा फॉर्म माझ्या कपाटात होता. प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी मी साळवेला बोलावलं आणि फॉर्म पुढं केला. “साळवे, तुझा आकडा परत लिही.”

तिनं फॉर्मकडे बघितलं. “खोडलं कुणी?”

“मी.”

“मग लिवायचं पन तुमीच, बाई.”

मी अठरा खोडले, अठ्ठावीस लिहिले आणि शेजारी सही केली. प्रबंधातही लिहिलं की एक नोंद संशोधिकेनं स्वतः बदलली होती आणि ती का, याचं तिला समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी त्या एकाच वाक्यावर मला पाऊण तास सोलून काढलं. पदवी मिळाली, पण मार्क फार नाहीत. ते बरोबरच होतं.

जेवणघरातली टेबलं लगेच एक झाली असं लिहिलं तर गोष्ट छान दिसेल, पण तसं झालं नाही. मी माझं ताट उचलून साळवेच्या टेबलावर गेले, त्या वर्षी एवढंच झालं. पहिले काही दिवस तिथल्या मुलींनी मला ‘मेन्यू कसा आहे बाई?’ असंच विचारलं. पुढं साळवे स्वतः ट्यूटर झाली. तिच्या वॉर्डातल्या वहीत सगळे आकडे वेगवेगळे असत आणि स्टाफ नर्सेस तिच्याबद्दल तीच जुनी तक्रार करत.

मी आता उस्मानपुऱ्यात राहते. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. गेल्या दिवाळीत भाजी घेऊन वर आले तर दारात हौसा बसलेली. पन्नाशी उलटून गेलीय तिची, एका डोळ्याला कमी दिसतं, नातवंडं आहेत. दर दिवाळीला माझ्यासाठी बाजरी आणते आणि माझा फराळ न खाता फक्त वास घेते. मी कुलूप काढलं आणि धापा टाकत खुर्चीत बसले. तिनं पाणी दिलं, समोर बसली आणि माझं मनगट धरलं.

“नाडी बघतेस का गं?” मी हसून विचारलं.

“व्हय, नाडीच.”

पण तिची नजर माझ्या छातीवर होती. हातात ते मर्दानी घड्याळ, पट्टा कितवा कोण जाणे, खाली घडी घातलेला रुमाल. मी म्हटलं, “अगं, जिना चढून आले म्हणून जरा दम लागलाय, बाकी काही नाही, मी ठणठणीत...”

“गप ऱ्हावा बाई,” हौसा म्हणाली. “मिनिट व्हायचं हाय अजून.”